१४ वर्षांनी आले आणि शिव्या खाऊन गेले

गेल्या अंकात मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की कॅनिबल ऑक्स ह्या रॅप जोडीचा दुसरा अल्बम 'ब्लेड ऑफ द रोनिन' फॅन्सनी नीट ऐकायच्या आधीच निकालात काढला. बस, तेवढ्यावर पत्रं आली ती थेट अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत, त्यामुळे ह्या वेळचं अख्खं सदर परत आलेल्या रॅप ग्रुप्सना. दोन पत्रं गाळलीत, त्यातल्या एकाचा मुद्दा खरंच चांगला होता पण छापता येतील असे शब्द त्यात फारच कमी होते.

प्रश्न: दादा, तुम्ही म्हणता नीट ऐकला नाही. मी ऐकला, चार वेळा ऐकला. 'द कोल्ड व्हेन' मला पाठ आहे. 'ब्लेड ऑफ द रोनिन'मध्ये माणसं तीच, आवाज तेच, पण प्रोड्युसर एल-पीचे बीट, म्हणजे मागचं संगीत, नसतील तर ते कॅनिबल ऑक्स कसं? मित्र म्हणतात आवाज तेच म्हणजे ग्रुप तोच, तू जुन्या आठवणीत अडकलायस. अरे पण मी २००१ ला जन्मलो पण नव्हतो!
(एक विद्यार्थी, रत्नागिरी)

उत्तर: शेवटचं वाक्य तू सहज लिहून गेलास पण तेच सगळ्यात भारी आहे, मित्रांच्या तोंडावर मार ते. ज्यांना हे प्रकरणच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात: व्हास्ट एअर आणि व्हॉर्डल मेगा, न्यूयॉर्कच्या हार्लेमचे दोघं, २००१ मध्ये त्यांचा 'द कोल्ड व्हेन' आला, सगळे बीट एल-पीचे, लेबलही त्याचंच, डेफिनिटिव्ह जक्स, आणि त्या लेबलचा तो पहिला पूर्ण अल्बम. आवाज म्हणजे थंडगार, लोखंडी, मधेच एखादा सिंथ कण्हतोय आणि त्यावर हे दोघं अजिबात घाई न करता शहराबद्दल, भुकेबद्दल, न्यूयॉर्कच्या कबुतरांबद्दल बोलतायत. ज्याने ऐकला त्याच्या डोक्यातून तो गेला नाही. मग पुढचा स्टुडिओ अल्बम यायला २०१५ चा मार्च उजाडला, त्यात एल-पी नाही, बहुतेक बीट बिल कॉस्मिकचे. आणि फॅन्स पेटले.

आता तुझे मित्र म्हणतात आवाज तेच म्हणजे ग्रुप तोच, हे मला साफ नामंजूर. आमच्या सिंधुदुर्गात डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला, ये एकदा. बुवा तोच असतो, गळा तोच, पण नेहमीचा पखवाजी आलेला नसेल ना, तर पहिल्या गजरालाच मागची माणसं एकमेकांकडे बघायला लागतात आणि चहाच्या टपरीवर 'आज बुवांचा काय खरा नाय' सुरू होतं, आणि हे बोलणारे काय समोरच्या बुवांचे लोक नसतात, ह्याच बुवांसाठी लांबून गाडी मारून रात्रभर जागायला आलेले असतात. बुवा श्वास कुठे घेणार, कुठे थांबून समोरच्याला टोमणा मारणार, हे त्या पखवाज्याला ठाऊक असतं. व्हास्ट एअरचं तसंच आहे बघ. तो बीटच्या जरा मागे रेंगाळतो, ओळ टाकून थांबतो, आणि ती जी मोकळी जागा राहते त्यात एल-पी काहीतरी खरखर, काहीतरी घंटेसारखं सोडून द्यायचा. बिल कॉस्मिकचे ड्रम जोरकस आहेत, सरळ आहेत, पण ती मोकळी जागाच तिथे उरत नाही. म्हणजे तुझी तक्रार एकदम रास्त.

पण 'म्हणून अल्बम बेकार' म्हणशील तर तिथे मी तुझ्या बाजूने नाही. एक तर त्यांची वेळ वाईट. एल-पीचा रॅपर किलर माइकसोबतचा ग्रुप रन द ज्युएल्स तेव्हा जोरात होता, त्यांचा दुसरा अल्बम ऑक्टोबर २०१४ ला आलेला, म्हणजे सगळ्यांच्या कानात एल-पीचे ताजे बीट घुमतायत आणि चार-पाच महिन्यांत हे दोघं त्याच्याशिवाय स्टेजवर. दुसरं, 'आयर्न रोझ' हे गाणं परत ऐक, एमएफ डूमसारखा रॅपर आहे त्यात, आणि व्हास्ट एअर त्याच्यापुढे अजिबात दबत नाही. मला स्वतःला खटकलं ते वेगळंच, व्हॉर्डल पाहिजे तेवढा ऐकू येत नाही आणि अल्बम उगाच लांबलाय, पाच-सहा गाणी कापली असती तर हा सगळा तमाशा निम्मा झाला असता.

आणि हो, चार वेळा ऐकलास तो कशावर? फोनच्या स्पीकरवर असेल तर ती चार नाही, शून्य वेळा धर. खालचा बेस त्या टिचभर स्पीकरला पेलतच नाही, आणि ह्या अल्बमचं निम्मं वजन तिथेच आहे.

प्रश्न: ब्लॅक स्टारचं काय मग? एवढी वर्षं वाट बघायला लावली आणि अल्बम टाकला कुठे तर पॉडकास्टच्या ॲपवर! आमच्याकडे दापोलीत रेंज आली तर आली, त्यात आणखी एक ॲप, आणखी एक वर्गणी. हा फॅन्सचा अपमान नाही का?
(चिडलेली वाचक, दापोली)

उत्तर: ताई, चिडण्यात तुम्ही एकट्या नाही, जगभर लोक ह्याच गोष्टीवर भडकले होते. पहिला अल्बम १९९८ चा, मॉस डेफ आणि तालिब क्वेली, ब्रुकलिनचे. दुसरा 'नो फिअर ऑफ टाइम' मे २०२२ मध्ये, सगळे बीट मॅडलिब ह्या प्रोड्युसरचे, नऊच गाणी, आणि ल्युमिनरी नावाच्या पॉडकास्टच्या ॲपवर, कारण त्यांचा विनोदवीर डेव्ह शपेलबरोबरचा पॉडकास्ट तिथेच होता. झालं काय, की गाण्यांवर बोलणं बाजूलाच राहिलं आणि सगळे ॲपवरच भांडत बसले. मॅडलिबने तिथे काय सुंदर धुरकट काम केलंय, मॉस डेफ, म्हणजे आताचा यासिन बे, अर्धवट झोपेत असल्यासारखा गातो-बोलतो, त्यावर कुणी धड चार वाक्यं बोललं नाही.

अपमान मात्र मी म्हणणार नाही. माल त्यांचा, कुठल्या दुकानात ठेवायचा ते त्यांनी ठरवायचं. उलट्या बाजूचंही बघा ना, डे ला सोल ह्या ग्रुपला आपली जुनी गाणी ॲपवर हवी होती आणि मिळतच नव्हती, कारण १९८९ पासूनच्या त्या अल्बमांत दुसऱ्यांच्या रेकॉर्डचे तुकडे, म्हणजे सँपल्स, खच्चून भरलेले आणि त्या वेळच्या करारांमध्ये डिजिटलचा विषयच नव्हता. २०१४ मध्ये व्हॅलेंटाइन डेला वैतागून त्यांनी सगळी जुनी गाणी २५ तास फुकट डाउनलोडला देऊन टाकली! मग २०१६ चा अल्बम काढला तो फॅन्सकडून किकस्टार्टरवर वर्गणी जमवून, सहा लाख डॉलरच्या वर जमले. आणि जुने अल्बम शेवटी ॲपवर आले ३ मार्च २०२३ ला, तर त्यांच्यातला ट्रुगॉय १२ फेब्रुवारीलाच गेला. तीन आठवडे पण नाही हो. हे वाचल्यावर मला ब्लॅक स्टारचं ॲप तेवढं टोचत नाही.

रेंजवर माझ्याकडे उपाय नाही, मी पण घराच्या मागच्या पडवीत उभा राहून डाउनलोड करतो.

प्रश्न: माझे चिरंजीव मुंबईला नोकरीला असतात. मे महिन्यात घरी आले तेव्हा 'ट्राइब'चा एक अल्बम लावून अक्षरशः डोळे पुसत होते. चौकशी केली तेव्हा कळले की त्यातला एक गायक रेकॉर्ड येण्याआधीच वारला होता. मेलेल्या माणसाचा आवाज विकणे मला बरे वाटले नाही. आपले मत?
(निवृत्त शिक्षक, देवगड)

उत्तर: काका, नमस्कार. तुमची शंका बरोबर आहे, असे धंदे चालतात, कपाटात पडलेल्या दोन ओळी काढून त्यावर अख्खा अल्बम उभा करतात. पण चिरंजीव ज्यावर रडले त्याची गोष्ट निराळी आहे. अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट, १९९८ नंतर अल्बमच नाही, आपसात बेबनाव. नोव्हेंबर २०१५ मध्ये एका टीव्ही कार्यक्रमाला एकत्र आले आणि त्यानंतर त्यांच्यातल्या क्यू-टिपच्या घरच्या स्टुडिओत गुपचूप काम सुरू झालं. दुसरा रॅपर फाइफ डॉग, त्याला मधुमेह होता, खूप जुना, २००८ मध्ये मूत्रपिंड बदललेलं, ते त्याच्या बायकोनेच दिलेलं. तशा तब्येतीत तो रेकॉर्डिंगला बसायचा. मार्च २०१६ मध्ये तो गेला, वय ४५. अल्बम नोव्हेंबरमध्ये आला आणि अमेरिकेत थेट पहिल्या नंबरवर. म्हणजे कपाटातलं काही नाही, त्याने स्वतः बसून ह्याच अल्बमसाठी गायलेलं आहे, मित्रांशी परत बोलायला लागल्यावर.

तेव्हा फॅन्समध्ये भांडणच झालं नाही हे मला अजून नवल वाटतं. एरवी 'जुना आवाज नाही, अमुक बीट नाही' म्हणणारे गप्प. तुम्ही एकदा चिरंजीवांबरोबर बसून ऐका. इंग्रजी शब्द सुटले तरी चालतील, दोघं एकमेकांची ओळ कशी उचलतात एवढंच धरा. तुम्ही दशावतार बघत असालच, तुम्हाला ते लगेच कळेल.

प्रश्न: परत आलेल्या ग्रुप्सच्या विनाइल रेकॉर्ड घ्याव्यात असा विचार चाललाय. पण आमचं घर चिपळूणला. २०२१ च्या पुरात सीडी, कॅसेट सगळं चिखलात गेलं. परत घेण्यात अर्थ आहे का?
(कॅसेटवाला, चिपळूण)

उत्तर: वाईट वाटलं वाचून. घ्या, पण वरच्या मजल्यावर ठेवा, तळमजल्यावर एकही नको. पुराचं सोडा, आपल्याकडचा खरा वैरी दमट हवा. रेकॉर्ड उभ्या ठेवायच्या, आडव्या एकावर एक रचल्या की वाकतात. बाहेरच्या ओल्या भिंतीला टेकलेलं कपाट नको. आतलं कागदी पाकीट काढून प्लास्टिकचं घाला, कागद ओल धरतो आणि बुरशी आधी तिथेच येते. सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात त्या बदला, जूनमध्ये टाकलेली पुडी ऑगस्टमध्ये नुसती शोभेची असते. बुरशी दिसलीच तर डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ मायक्रोफायबर कापड, खाचांच्या दिशेने गोल, आडवं घासायचं नाही. एक मात्र सांगून ठेवतो, घरात आजोबांच्या वेळच्या नाट्यसंगीताच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या असतील तर त्यांना अल्कोहोलवालं क्लीनर चुकूनही लावू नका, त्या लाखेच्या असतात, विरघळतात.

प्रश्न: दादानु, आमी चौघे कुडाळच्या बाजूचे. कॉलेजात असताना मालवणीत रॅप केलव, गणपतीत, जत्रेत, खयपण. मगे दोघे मुंबैक गेले आणि सगळा थांबला. आता परत एकत्र इलव, पाच गाणी तयार आसत. पण जुनी पोरां म्हणतत तुमचो तो जुनो आवाज खय गेलो? नव्या पोरांका तर आमी म्हायतच नाय. काय करूचा?
(चौघे, कुडाळ)

उत्तर: अरे वा, हे पत्र वाचून जाम मजा आली! पहिला प्रश्न मीच विचारतो, तुमचे बीट तेव्हा कोण करायचा? तो चौघांत असेल तर निम्मं काम झालं. पाचवा कोणी असेल आणि आता बोलावला नसेल तर आधी त्याच्या घरी जा, रुसला असेल तर समजूत काढा, मासे घेऊन जा. नाहीच आला तर नवीन माणसाला जुन्याची नक्कल करायला लावू नका, ते सगळ्यात वाईट ऐकू येतं.

जुनं गाणं परत सोडायच्या भानगडीत पडू नका, थेट नवीन टाका. पाचातलं एक जरी गाणं 'आमी परत इलव' ह्याच विषयावर असेल तर ते बाजूला ठेवा, तुम्ही आलात हे लोकांना दिसतंयच की. त्यापेक्षा मधल्या वर्षांत काय झालं ते येऊ द्या, विरार लोकलमध्ये मालवणी माणूस कसा उभा राहतो, गणपतीला तिकीट मिळालं नाही तर घरी काय ऐकावं लागतं. मराठीत हे कुणी केलंच नाही असं नाही, मुंबईच्या स्वदेसी ह्या ग्रुपमधला एमसी मवाली मराठीतच रॅप करतो आणि २०१९ च्या त्यांच्या 'द वारली रिव्हॉल्ट' गाण्यात आरेतले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज आहे, आपल्या मातीतला आवाज घेऊनही गाणं किती आजचं वाटतं ते त्यात बघा.

आणि एखाद्या बुवांच्या भजनाचा तुकडा बीटमध्ये घ्यायचा विचार असेल तर आधी विचारा. चाल पारंपरिक असली तरी रेकॉर्डिंगला मालक असतो, आपल्या कायद्यात रेकॉर्डिंगचा हक्क ६० वर्षं चालतो. बुवांकडे जाऊन सरळ सांगितलंत तर कदाचित ते स्वतःच माइकसमोर येऊन बसतील, मग तर काय, तुकडा कापायची गरजच नाही.

गाणी पाठवा. जुन्या पोरांना पण पाठवा, ती शिव्या देणारच आहेत, पण त्यातला जो बीटबद्दल बोलेल त्याचं ऐका आणि जो नुसता 'पूर्वीसारखी मजा नाय' म्हणेल त्याला चहा पाजून घरी पाठवा.

एका ओळीत: वेंगुर्ल्याच्या वाचकाने विचारलंय की डेल्ट्रॉन ३०३० ह्या ग्रुपचा २०१३ चा अल्बम आधी ऐकू की २००० चा. २००० चा, हेडफोन लावून, रात्री.