नायट्रोजनची कॅन आणि आठचा ड्रिल

प्रश्न : मॅडम, नमस्कार. शिरोलीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी उभ्या स्पिंडलची मिलिंग मशीन). सध्या ६०६१ अ‍ॅल्युमिनियमच्या जॉबला ८ मिमीची, ४० मिमी खोल भोकं पाडतोय. साठ-सत्तर भोकं झाली की ड्रिलच्या टोकाला मटेरियल चिकटतं, फ्लूट (ड्रिलवरच्या पिळाच्या खाचा) जाम होतात. दोनदा ड्रिल आतच तुटला. लिक्विड नायट्रोजनने थंड करून ड्रिलिंग केलं तर चिकटणं थांबतं, असं एका प्रदर्शनात ऐकलं. माझा चुलतभाऊ जनावरांचं कृत्रिम रेतन करतो, त्याच्याकडे नायट्रोजनची कॅन असते. त्यातलं थोडं ओतून बघू का?
– एक वाचक, शिरोली (कोल्हापूर)

उत्तर : आधी शेवटच्या वाक्याचं उत्तर देते : नको. त्या कॅनमधली पातळी उतरली तर भावाने त्यात गोठवून ठेवलेल्या रेतमात्रा वाया जातील, आणि तुमचं कामही होणार नाही. प्रदर्शनात ऐकलंत ते मात्र खरं आहे.

६०६१ वितळायला साधारण ५८२ अंश सेल्सिअसला सुरुवात होते, पण त्याच्या बऱ्याच आधी ते मऊ पडून ड्रिलच्या धारेला लपेटतं. व्यासाच्या पाचपट खोल गेलात की बाहेरून मारलेलं कूलंट (थंड करणारं, पाण्यात मिसळलेलं तेल) टोकापर्यंत पोचत नाही. चिप, म्हणजे कापून निघणारा धातूचा कीस, फ्लूटमध्ये दाबली जाते, घासते, आणखी तापते. लिक्विड नायट्रोजन उकळतो उणे १९६ अंशांना. त्याच्या थंडाव्यात अ‍ॅल्युमिनियम कडक होतं, पण साध्या लोखंडासारखं ठिसूळ होत नाही. म्हणून चिकटणं कमी होतं, भोकाच्या तोंडाशी उरणारी धातूची धारदार कडा, म्हणजे बरही कमी होते. मटेरियल कडक झाल्यामुळे ड्रिलला रेटा मात्र जास्त लागतो. शिवाय नायट्रोजनला वंगणाचा गुण नाही. कूलंट थंड करतं आणि चिपला सरकायलाही मदत करतं. हे दुसरं काम नायट्रोजनकडून होत नाही. त्यामुळे त्याच्या जोडीला तेलाचा बारीक फवारा द्यावा लागतो.

वरून ओतून का भागत नाही, ते तव्यावर बघा. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब नाचतो, कारण त्याच्याखाली वाफेचा थर असतो. नायट्रोजनच्या मानाने आपला जॉब कायमच तापला तवा. ओतलेला नायट्रोजन स्वतःच्याच वाफेवर घरंगळून टेबलावर पडतो, ४० मिमी खाली काहीच पोचत नाही. खऱ्या यंत्रणेत निर्वात कवचाच्या पाइपमधून तो स्पिंडलपर्यंत नेतात आणि ड्रिलच्या आतल्या छिद्रातून थेट धारेपाशी सोडतात. हा खर्च दोन व्हीएमसीच्या शॉपला एवढ्या कामासाठी परवडणार नाही, हे मी तुम्हाला मनापासून सांगते.

मी आयटीआयमध्ये मशिनिस्ट ट्रेड शिकवत असताना एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग हाताने केला आहे. अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा नायट्रोजनच्या झोताने गार केला, १० मिमीचं भोक पाडलं, भोक गुळगुळीत करणारा रीमर मारला. भोक इतकं स्वच्छ की आत खिडकीचा उजेड चमकत होता. भोकाचं माप तपासणाऱ्या प्लग गेजची ‘गो’ बाजू गेली, ‘नो-गो’ अडली, म्हणजे माप बरोबर. मुलं खूश. चहा पिऊन परत आलो तोवर ठोकळ्यावरचं बर्फाचं पांढरं विरघळून पाणी झालं होतं. पुन्हा गेज घातला आणि ‘नो-गो’ सरळ आत उतरला. मग फळ्यावर हिशोब मांडला. अ‍ॅल्युमिनियम दर अंशाला, दर मीटरला सुमारे २३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतं. म्हणजे ठोकळा ६० अंशांनी गार असेल तर १० मिमीच्या भोकात जवळजवळ १४ मायक्रॉनचा फरक पडतो. एच-७ या अचूकतेच्या वर्गात एवढ्या भोकाला सगळी मुभाच १५ मायक्रॉन! तेव्हापासून माझा नियम एकच : गार जॉब मोजायचा नाही.

आता धोका. एक लिटर द्रव नायट्रोजनचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. तुमची खोली ५ बाय ४ मीटर आणि ३ मीटर उंच धरा, म्हणजे ६० घनमीटर. दारं-खिडक्या लावून तिथे १० लिटर उडालं तर हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून साडेअठराच्या आसपास येतो, आणि साडेएकोणीसच्या खाली हवा धोक्याची मानतात. नायट्रोजनला वास नाही, जीव गुदमरतोय हेसुद्धा कळत नाही. माणूस नुसता कोसळतो. कॅनचं झाकण सैलच असतं, ते कुणी घट्ट बसवू नये. आत दाब साठतो.

तुमच्या जॉबसाठी आधी ड्रिल बदला. टायटॅनियम-अ‍ॅल्युमिनियम-नायट्राइड कोटिंगचा असेल, तर त्यातल्या अ‍ॅल्युमिनियमला जॉबचं अ‍ॅल्युमिनियम ओढलं जातं. पॉलिश केलेल्या फ्लूटचा, बिनकोटिंगचा कार्बाइड ड्रिल घ्या. मशीनला सोय असेल तर आतून कूलंट येणारा. सोय नसेल तर पेक ड्रिलिंग करा, म्हणजे थोडं थोडं खोल जात, दर वेळी ड्रिल पूर्ण बाहेर काढून. आणि कूलंटमध्ये तेलाचं प्रमाण किती उरलंय, ते रिफ्रॅक्टोमीटरने तपासा. रोज वरून पाणी टाकून टाकून ते पातळ झालेलं असतं, हे मी कितीतरी शॉपमध्ये पाहिलंय.

नायट्रोजनचा खरा उपयोग टायटॅनियमला. ६०६१ ची उष्णता वाहून नेण्याची क्षमता (वॅट प्रति मीटर प्रति अंश या मापात) १६७ च्या आसपास, तर विमानांना लागणाऱ्या टायटॅनियम मिश्रधातूची (६ टक्के अ‍ॅल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियम) जेमतेम ७. तिथे उष्णता जॉबमध्ये पसरतच नाही, धारेवरच साचते. असं काम नियमित मिळायला लागलं तर मला पुन्हा लिहा.

प्रश्न : मॅग्नेशियमच्या हाउसिंगचं (यंत्राच्या बाहेरच्या कवचाचं) काम आलंय. पाण्याचं कूलंट वापरू नका म्हणतात. मग नायट्रोजन चालेल का? आग लागली तर तोच विझवेल ना?
– एक वाचक, सातपूर (नाशिक)

उत्तर : ड्रिलिंग करताना चालेल. चिप गार राहते, पेटण्याच्या तापमानापर्यंत जात नाही. पण पेटलेलं मॅग्नेशियम नायट्रोजनमध्येही जळतं आणि कार्बन डायऑक्साइडमध्येही, त्यामुळे विझवायला दोन्ही निरुपयोगी. पाणी तर मुळीच नको, त्यातून हायड्रोजन निघतो. आणखी एक : गार चिपवर हवेतलं दव धरतं. ती ओली चिप डब्यात बंद केली तर तिथेही हायड्रोजन साठतो. चिप आधी पूर्ण कोरडी होऊ द्या, मगच लोखंडी डब्यात भरा.

मशीनजवळ धातूच्या आगीसाठीची ‘डी’ वर्गाची पावडर ठेवा, आणि सोबत कोरड्या वाळूची बादली. नाशिकच्या पावसात ती वाळू दमट होते, आणि ओली वाळू पेटत्या मॅग्नेशियमवर टाकणं म्हणजे पाणीच टाकणं. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला ती कढईत परतून घ्या आणि गार झाल्यावर घट्ट झाकण लावा.