व्याख्यान बंद करून सगळं कृतीतून शिकवलं, तर मुलं समजून शिकतील का?

आपोआप नाही शिकणार. ऐकून शिकणं की स्वतः शोधून शिकणं हा एक प्रश्न, आणि घोकणं की समजणं हा दुसरा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यांनी १९६०च्या दशकातच हे दोन्ही वेगळे करून दाखवले. फळ्यावरच्या पायऱ्या बघत प्रयोग उरकणारा मुलगा घोकंपट्टीच करत असतो, फक्त हातांनी. उलट चांगलं व्याख्यान ऐकताना डोकं जोरात चालू असू शकतं. कृतीचं आपल्याकडे जरा जास्तच कौतुक होतं, असं माझं मत.

ऑसुबेल यांचा मुख्य मुद्दा असा: मुलाला आधीपासून काय माहीत आहे, हे सगळ्यात महत्त्वाचं. ते शोधा आणि त्यावरून शिकवा. ऐकायला सोपं वाटतं. पण ‘आधीपासून माहीत’ यात चुकीच्या समजुतीही आल्या.

०.१२५ मोठा की ०.८, असं वर्गात विचारून बघा. बरीच मुलं ०.१२५ म्हणतात, कारण ८ पेक्षा १२५ मोठे. हा आळस नव्हे; पूर्णांकांचा नियम इतकी वर्षं बरोबर आला, तोच ती इथे लावतात. ‘शून्यं लावून अंक सारखे करा’ ही युक्ती दिली की उत्तर बरोबर येतं, समजूत मात्र जागच्या जागी राहते. मग ०.३ आणि ०.४च्या मध्ये कोणती संख्या, असं विचारलं की तीच मुलं बिनधास्त सांगतात, ‘कोणतीच नाही’. म्हणून आधी ‘का?’ विचारायचं, उत्तर न हसता ऐकायचं, आणि दोन्ही संख्या संख्यारेषेवर त्यांच्याच हाताने मांडून घ्यायच्या. वेळ जातो, मान्य.

पाठांतर वाईट असं मी म्हणत नाही. पाढे पाठ हवेतच, नाहीतर गणित सोडवताना सगळं लक्ष गुणाकारातच अडकतं. उजळणीही पुस्तक मिटून करून घ्या: रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६च्या प्रयोगात पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर घेतली तेव्हा न बघता आठवून लिहिणारे.

राहिला पेपर. त्यात व्याख्या शब्दशः मागितली, तर हुशार मूल ती पाठच करणार, वर्गात तुम्ही काहीही केलंत तरी. तेव्हा निदान एखादा प्रश्न तरी पुस्तकात नसलेल्या उदाहरणावर काढा.