जुनी ॲडव्हेंट, नवी डेब्यू की हप्त्यांवरची मोठी जोडी?

तुम्ही वर्षभर स्पीकरसाठी पैसे बाजूला टाकलेत, अ‍ॅम्प्लिफायर घरात आहे आणि आता तीन पर्याय समोर आहेत. जमवलेल्या पैशात बसणारी एलॅक डेब्यू बी६, दुप्पट किमतीची जोडी (निम्मे रोख, निम्मे २४ हप्त्यांत), किंवा ओळखीतून निम्म्या पैशांत मिळणारी जुनी लार्ज ॲडव्हेंट. ‘गुंतवणूक म्हणून कुठली बरी?’ असं तुम्ही विचारलंय.

गुंतवणूक म्हणून कुठलीच नाही. स्पीकर ही वापरायची वस्तू. ती वर्षाला कितीला पडते तेवढंच बघायचं, आणि त्या हिशेबात साधा पॅसिव्ह (वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरवर चालणारा) स्पीकर फार उजवा ठरतो. त्यात जुनं होणारं ॲप नाही, बॅटरी नाही. १९६५ साली आलेली एआर-४एक्स ही स्पीकरची जोडी लोक आजही ऐकतात.

हप्ते नकोत. वार्षिक १५ टक्के दराने २४ हप्ते म्हणजे घेतलेल्या दर १०० मागे साधारण ११६ फेडायचे. ‘बिनव्याजी’ म्हणत असतील तर प्रोसेसिंग फी किती आणि रोखीवरची सूट किती बुडते, ते विचारा. शिवाय महागड्या जोडीची सेन्सिटिव्हिटी (ठरावीक वॅटला किती आवाज निघतो ते) ३ डेसिबलने कमी असेल, तर तेवढ्याच आवाजाला दुप्पट वॅट लागतात. मग अ‍ॅम्प्लिफायरही बदलावासा वाटतो, आणि तो खर्च आज तुमच्या कागदावर नाही.

ॲडव्हेंटचा मोह मला समजतो. महागड्या स्पीकरचा खोल बास सामान्य माणसाच्या खिशाला परवडावा, म्हणून स्पीकर-डिझायनर हेन्री क्लॉस यांनी ती घडवली. पण तिच्या वूफरची, म्हणजे बास वाजवणाऱ्या मोठ्या गोल भागाची, कड फोमची आहे आणि फोम काळाने कुजतो. मी एकदा अशीच एक जुनी जोडी घेतली होती. लाकूड चकचकीत, आवाजही ठीक. घरी येऊन जाळी काढली, कडेला बोट लावलं, तर काळा चुरा बोटाला चिकटून आला. दोन्ही वूफरच्या कडा आणि क्रॉसओव्हरचे (बारीक आणि खोल आवाज वेगळे करणाऱ्या सर्किटचे) कपॅसिटर बदलून घेतले, तेव्हा ‘स्वस्त’ जोडी नव्याच्या भावात पडली. म्हणून पैसे देण्याआधी जाळी काढायला सांगा. कड हलकेच दाबा. मग कोन (वूफरचा मधला पडदा) चारी बाजूंनी सारख्या दाबाने आत ढकला. खरखर आली तर पडद्यामागची तारेची कॉइल घासतेय. कड अलीकडेच बदललेली असेल आणि खरखर नसेल, तर ॲडव्हेंट जरूर घ्या, फक्त थोडे पैसे कपॅसिटरसाठी राखून ठेवा.

नाहीतर डेब्यूच घ्या. २०१५ मध्ये अँड्र्यू जोन्स यांनी डिझाइन केलेली या जोडीची सेन्सिटिव्हिटी ८७ डेसिबल आहे, म्हणजे मध्यम अ‍ॅम्प्लिफायरला झेपते. इम्पिडन्स (विजेला होणारा विरोध) ६ ओहम, तो अ‍ॅम्प्लिफायरला चालतो का, तेवढं त्याच्या मागच्या बाजूला तपासा. माझं मन मात्र चार-पाच वर्षं वापरलेल्या डेब्यूकडे किंवा व्हार्फडेल डायमंडकडे ओढतं. पहिल्या मालकाने किमतीतली मोठी घसरण सोसलेली असते आणि आजच्या बहुतेक बजेट जोड्यांची कड रबराची असते, फोमसारखी कुजत नाही.

उरलेल्या पैशांतून आधी भक्कम स्टँड घ्या. बी६ चं पोर्ट, म्हणजे हवेचं भोक, मागे आहे; कपाटात कोंबली तर बास नुसता घुमतो. आणि ॲडव्हेंटवाल्या ओळखीच्या माणसाला आजच विचारा: कड कधी बदलली?