सीएमसीचा कारखाना टाकताय? आधी मिठाचा हिशेब मांडा

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जळगावकडे महिन्याला १०० टन सीएमसीचा (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, पाण्यात विरघळून दाटपणा आणणारी पावडर) कारखाना टाकायचा आहे, कापूस दारात पिकतो म्हणून कच्चा माल स्वस्त पडेल, आणि सल्लागाराच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये अडीच वर्षांत पैसे वसूल दाखवलेत, यावर भरवसा ठेवावा का? मी या मालाच्या उत्पादनात बरीच वर्षं काढली आहेत. रिपोर्ट न बघताही सांगतो, त्यात मिठाचा रकाना नसणार.

सेल्युलोज (कापसाचा किंवा लाकडाचा तंतू) कॉस्टिक सोड्यात भिजवायचं आणि त्यावर मोनोक्लोरोॲसेटिक ॲसिड (एमसीए) चढवायचं, एवढीच ही प्रक्रिया. पण सगळं एमसीए सेल्युलोजला चिकटत नाही. काही परस्पर कॉस्टिकशी जुळतं आणि त्याचं सोडियम ग्लायकोलेट होतं. आणि चिकटो न चिकटो, एमसीएच्या प्रत्येक रेणूमागे मिठाचा एक रेणू पडतोच.

आता हे वजनात बघा. डीएस (सेल्युलोजच्या एका घटकामागे सरासरी किती एमसीए चढलं तो आकडा) ०.८ चा १ टन शुद्ध, कोरडा सीएमसी घ्या. कागदावर त्याला ७१७ किलो सेल्युलोज, ३३५ किलो एमसीए आणि २८३ किलो कॉस्टिक लागतं. प्रत्यक्षात एमसीएची कार्यक्षमता, म्हणजे सेल्युलोजला चिकटणारा वाटा, ७२ टक्के धरली तर एमसीए ४६५ किलोवर जातं, कॉस्टिक ३९० च्या पुढे. त्यातून मीठ सुमारे २९० किलो आणि ग्लायकोलेट १३५ किलो. म्हणजे टनामागे सव्वाचारशे किलो नको असलेला माल. कार्यक्षमता ६२ वर घसरली (मिक्सरमध्ये कॉस्टिक नीट पसरलं नाही, पाणी जास्त झालं की घसरतेच) तर आणखी ७५ किलो एमसीए आणि त्यामागचं ६३ किलो कॉस्टिक पाण्यात. आजच्या भावाने गुणून बघा. नफा तिथेच संपलेला दिसेल.

टेक्निकल ग्रेडमध्ये हे मीठ पावडरीतच राहतं, शुद्धता ७० टक्क्यांच्या आसपास असते आणि मीठ गिऱ्हाईक विकत घेतं. शुद्ध ग्रेडमध्ये तेच मीठ तुमच्या अंगावर पडतं. सीएमसी गरम पाण्यातही विरघळतो, म्हणून तो नुसत्या पाण्याने धुता येत नाही. पाणी मिसळलेलं अल्कोहोल लागतं. (एचपीएमसी, म्हणजे सेल्युलोजपासूनच होणारा दुसरा माल, गरम पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे तो गरम पाण्याने धुतात. पण त्याला मिथाइल क्लोराइड, प्रॉपिलीन ऑक्साइड आणि दाबाचे रिॲक्टर लागतात. पहिल्या कारखान्यासाठी तो नाद नको.)

अल्कोहोलवर माझे हात पोळलेत. आमच्याकडे टनामागे १० टनांच्या वर अल्कोहोल फिरायचं. त्यातलं १ टक्का उडालं तरी १०० किलो. एकदा सलग तीन महिने साठा जुळेना. डिस्टिलेशन तपासलं, पंपांचे सील बदलले, शेवटी संशय बिचाऱ्या वॉचमनवर गेला. निघालं काय, तर सेंट्रिफ्यूजमधून येणारा केक (धुतलेल्या सीएमसीचा लगदा) अल्कोहोलने बराच ओला असायचा आणि ड्रायरच्या वाफेवर बसवलेला कंडेन्सर उन्हाळ्यात पुरत नव्हता. अल्कोहोल धुराड्यातून आकाशात जात होतं. तिथे चिलर बसवणं आधी ‘अनावश्यक खर्च’ म्हणून मीच कापलं होतं.

अल्कोहोल परत मिळवलं तरी डिस्टिलेशनच्या तळाशी खारट पाणी उरतं. ते तसंच सोडता येत नाही. इव्हॅपोरेटर, त्याची वाफ, उरलेल्या घन कचऱ्याची विल्हेवाट, आणि ती विल्हेवाटीची जागा रांजणगाव किंवा तळोज्याला असेल तर जळगावहून गाडीभाडं, हे सगळं जोडा. इथेनॉल घेतलंत तर राज्य उत्पादन शुल्क खात्याचे परवाने आणि नोंदवह्या मागे लागतात. शिवाय पूर्ण प्लांट फ्लेमप्रूफ. प्रदूषण मंडळाची संमती आणि पर्यावरण मंजुरीचं उत्तर जागा घेण्याआधी लेखी घ्या.

कापसाचं म्हणाल तर, आपल्याला लागतो तो लिंटर, सरकीवर चिकटून राहिलेला आखूड तंतू. आपल्याकडच्या बऱ्याच तेलघाण्या सरकी तो न काढताच गाळतात, तो पेंडीबरोबर गुरांच्या पोटात जातो. शेत दारात असलं म्हणून लिंटर दारात येत नाही. आला तरी शिजवून, ब्लीच करून घ्यावा लागतो. जास्त व्हिस्कॉसिटीच्या (दाटपणाच्या) मालाला लिंटरला तोड नाही, पण साध्या ग्रेडसाठी आयात वुड पल्पचा भाव आधी विचारा. एमसीए मुख्यतः गुजरातकडून येईल, पैसे बहुधा आगाऊ. ते अंगावर सांडलं तर त्वचेतून शरीरात भिनतं आणि जीव जाऊ शकतो, तेव्हा हाताळणीत काटकसर करू नका.

विक्रीची बाजू याच्या उलट. इचलकरंजीच्या सायझिंगवाल्यांना (सुताला खळ देणाऱ्यांना), डिटर्जंटवाल्यांना माल उधारीवरच जातो. छोट्या उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत चुकते करायचा नियम आहे, पण नव्या पुरवठादाराने तो बोलून दाखवला की पुढची ऑर्डर येत नाही. ९० दिवसांची उधारी आणि महिन्याचा साठा धरला तर चार महिन्यांची उलाढाल अडकते. रिपोर्टमध्ये खेळतं भांडवल किती महिन्यांचं धरलंय ते बघा. पहिल्या वर्षी ९० टक्के क्षमता लिहिली असेल तर ती पानं बाजूला ठेवा. खाद्य किंवा टूथपेस्टवाल्यांची सॅम्पल मंजुरीच कित्येक महिने खाते.

मी तुमच्या जागी असतो तर महिन्याला २५-३० टन टेक्निकल ग्रेडने सुरुवात केली असती आणि अल्कोहोल रिकव्हरीसाठी मोकळी जागा आखून ठेवली असती. गिऱ्हाईकाशी भाव किलोवर न बोलता शुद्धतेवर बोला, कारण ७० टक्क्यांच्या १०० टनांत सीएमसी ७० टनच आहे.

रिपोर्टमधला टनामागचा एमसीएचा आकडा कळवा, आणि तो शुद्ध मालाचा टन आहे की मिठासकटचा, तेही विचारून घ्या. शुद्ध टनामागे ३३५-३४० किलो लिहिले असतील तर सल्लागाराने पुस्तकातली थिअरी उतरवून दिली आहे.