चारपैकी सव्वाचार?

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. माझी नात न्यू जर्सीला असते, यंदा दहावीत आहे. लेकीने तिच्या निकालाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यात जीपीए ४.२५ आणि शेजारी ३.८३ असे दोन आकडे आहेत. ह्यांचं म्हणणं, चारपैकी सव्वाचार कसे पडतील, छपाईची चूक आहे. लेकीला विचारलं तर 'आई, ते वेटेड आहे' एवढं म्हणाली आणि तिची मीटिंग सुरू झाली. खाली 'ऑनर रोल' असंही लिहिलंय. म्हणजे आपल्याकडे मुलं बोर्डात यायची, तसं काही का? चाळीत पेढे वाटू की थांबू?
– एक आजी, गिरगाव

आजी, छपाईची चूक नाही. आजोबांची शंका मात्र रास्त आहे. चाराच्या वर जाता येत नाही हे खरं, पण ते त्या ३.८३ पुरतं.

तिकडे प्रत्येक विषयाला अक्षर मिळतं. ए असेल तर ४, बी ३, सी २, डी १ आणि एफ म्हणजे नापास, शून्य. फोटोत सहा विषय दिसतात : पाच ए आणि बीजगणितात बी. बेरीज २३, भागिले ६, आले ३.८३. हा साधा जीपीए, म्हणजे सगळ्या विषयांची सरासरी.

आता दुसरा आकडा, लेक म्हणाली तो 'वेटेड'. अमेरिकेतल्या हायस्कुलात एकच विषय दोन-तीन पातळ्यांवर शिकवतात : साधा, त्याहून कठीण तो ऑनर्स, आणि कॉलेजच्या तोडीचा तो एपी. कठीण वर्ग घेतला म्हणून मुलाचं नुकसान होऊ नये, यासाठी बऱ्याच शाळा ऑनर्सला अर्धा आणि एपीला एक गुण वाढवून देतात. तुमच्या नातीचं इंग्रजी, रसायनशास्त्र आणि बीजगणित ऑनर्सचं आहे, जगाचा इतिहास एपीचा, स्पॅनिश आणि चित्रकला साधी. म्हणजे साडेचार, साडेचार, साडेतीन, पाच, चार, चार. झाले साडेपंचवीस, भागिले सहा. आजोबांच्या हातात पेन्सिल द्या, सव्वाचारच येतील.

माझी हयात बीजगणित शिकवण्यात गेली, म्हणून एक सांगते. या निकालात मला सगळ्यात आवडला तो बी. साध्या वर्गात बसून ए आणला असता तर तिला ४ मिळाले असते. ऑनर्समधल्या बीचे साडेतीनच मिळाले. नुसता आकडा फुगवायचा असता तर पोरीने सोपा वर्ग धरला असता. तिने तसं केलं नाही. फोनवर 'बीजगणितात काय झालं गं?' असं कुणी विचारू नका, आजोबांनी तर नाहीच.

हे वाढीव गुण किती, द्यायचे की नाही, ते शाळा किंवा तिथलं शिक्षण खातं ठरवतं. देशभर एकच पट्टी नाही. त्यामुळे समोरच्या खोलीतल्या कुणाचा नातू टेक्सासला ४.५ घेऊन बसला असेल तर त्याच्याशी ताडून पाहू नका. कॉलेजांना निकालासोबत शाळेची माहितीपत्रिकाही जाते. त्या शाळेत कोणते कठीण वर्ग आहेत आणि गुण कसे मोजतात, हे तीत लिहिलेलं असतं. प्रवेश देणारे ती शेजारी ठेवूनच निकाल वाचतात.

आणखी एक. एपीची वेगळी परीक्षा मे महिन्यात होते, ती कॉलेज बोर्ड नावाची संस्था घेते आणि तिचे गुण १ ते ५ असतात. वर्गातल्या अक्षराशी त्याचा संबंध नाही. उन्हाळ्यात 'इतिहासात ४ मिळाले' असा निरोप आला तर दचकू नका, चांगलेच आहेत.

राहिला ऑनर रोल. बोर्डात येणं म्हणजे लाखो मुलांतून मोजकीच नावं. ऑनर रोल शाळेपुरता, त्या सत्रापुरता असतो. शाळेने आखलेली रेघ ओलांडणारा प्रत्येक जण त्यात येतो. आपल्या ७५ टक्क्यांच्या डिस्टिंक्शनच्या जवळ जाणारी गोष्ट. तेव्हा पाव किलो पेढे आणा, घरापुरते. पुढे 'नॅशनल ऑनर सोसायटी'त निवड झाल्याचं कळलं तर मात्र चाळभर वाटा. १९२१ पासूनची ही संस्था आहे. जीपीए निदान ३ लागतो, पण तेवढ्याने भागत नाही. समाजसेवा, नेतृत्व आणि वर्तन पाहून शाळेतले शिक्षक निवड करतात.

प्रश्न : मुलगा मुंबईतच बारावीत आहे, राज्य मंडळ. अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी अर्ज करतोय. ते चार वर्षांचं 'ट्रान्स्क्रिप्ट' मागतात. शाळेच्या ऑफिसात विचारलं तर 'दहावीचं मार्कशीट दिलंय ना, आणखी काय पाहिजे?' असं उत्तर मिळालं. नववीचं प्रगतिपुस्तक रद्दीत गेलं. एका सल्लागाराने टक्क्यांना २५ने भागून जीपीए काढून दिला आहे. तो लिहावा का?
– एक पालक, मुलुंड

आधी शेवटचं : लिहू नका. भागाकार चुकीचा नाही, पट्टीच चुकीची आहे. आपल्याकडे ३५ला पास, ६०ला फर्स्ट क्लास, ७५ला डिस्टिंक्शन. तिकडे बऱ्याच शाळांत ६०च्या खाली नापास आणि ए सुरू होतो तोच ९०ला. आपल्या मंडळाचे ७२ त्यांच्या तक्त्यात घातले तर सी होईल. २५ने भागले तर २.८८. दोन्ही आकडे तुमच्या मुलाविषयी काहीच सांगत नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठ तर स्पष्टच सांगतं की परदेशी गुण जसे आहेत तसेच भरा, रूपांतर करू नका. टक्के, एकूण गुण आणि पासाची मर्यादा द्या. आपली पट्टी त्यांना ठाऊक असते.

ट्रान्स्क्रिप्ट म्हणजे नववी ते बारावी, वर्षवार, विषयवार गुणांचा एकत्र उतारा. तिकडे हायस्कूल सलग चार वर्षांचं असल्याने तो एका जागी तयार असतो. आपल्याकडे दहावीनंतर संस्थाच बदलते, म्हणून तो दोन ठिकाणांहून गोळा करावा लागतो. प्रगतिपुस्तक रद्दीत गेलं तरी नववीचा वार्षिक निकाल शाळेच्या दप्तरी असतो. तोंडी विचारू नका. मुख्याध्यापकांच्या नावे लेखी अर्ज द्या, जनरल रजिस्टरचा नंबर, नववीचं वर्ष आणि तुकडी लिहा, शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रत जोडा, पोच घ्या. मजकूर तुम्हीच टाइप करून न्या : वर्ष, विषय, पैकी गुण, मिळालेले गुण. क्लार्कचं काम हलकं झालं की लेटरहेड, सही आणि शिक्का लवकर मिळतो, हा माझा स्टाफरूममधला अनुभव. अकरावीचा आणि बारावीच्या सहामाहीचा निकाल ज्युनियर कॉलेजकडून घ्या.

दहावीचे टक्के लिहिताना 'बेस्ट ऑफ फाइव्ह' असा उल्लेख करा आणि सहाही विषयांचे गुण द्या. इंटरमीजिएट चित्रकलेचे वाढीव गुण असतील तर तेही वेगळे दाखवा, नाहीतर बेरीज का जुळत नाही म्हणून तिकडचा माणूस गोंधळेल.

'कॉमन ॲप'वर, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन फॉर्मवर, अर्ज असेल तर सन्मानांसाठी पाच जागा मिळतात आणि नववीपासूनचेच धरले जातात. पाचवीची स्कॉलरशिप, सहावीतली होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा, दोन्ही बाहेर. नववीत होमी भाभाचं पदक मिळालं असेल तर जरूर लिहा. ते नाव तिकडे कुणी ऐकलेलं नसतं. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेची परीक्षा, लेखी आणि प्रात्यक्षिक, एवढं सोबत असू द्या. पाच भरायलाच हवेत असं नाही. वर्गाचा मॉनिटर होता हे लिहून जागा भरू नका.

आणि वेळ पाळा. लवकरच्या फेरीची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबरला संपते, नेहमीची जानेवारीच्या सुरुवातीला. दिवाळीच्या सुट्टीत शाळेचं ऑफिस उघडं मिळेल या भरवशावर राहू नका. गणपती उठले की लगेच उताऱ्यासाठी अर्ज टाका, शाळेत आणि ज्युनियर कॉलेजात एकाच आठवड्यात.