युद्धाचा धूर, बेदाणा शेड आणि यंदाचा पाऊस

शेतकरी बंधू-भगिनींनो,

आखातातल्या युद्धाचे, पेटलेल्या तेलसाठ्यांचे व्हिडिओ मोबाईलवर फिरू लागले की आमच्याकडे ठरावीक प्रश्न येतात. तासगाव भागातल्या एका बागायतदारांनी बेदाण्यावर बसलेल्या काळ्या थराचा फोटो पाठवून विचारलंय, "साहेब, हा तिकडचाच धूर का?" कराडकडच्या एका ऊस उत्पादकांना यंदाच्या पावसाची धास्ती आहे.

आधी पावसाचं. 1991 मध्ये इराकी फौजांनी माघार घेताना कुवेतमधल्या 600 हून अधिक तेलविहिरी पेटवल्या. शेवटची विहीर नोव्हेंबरात आटोक्यात आली. या धुराने आशियातली शेती धोक्यात येईल, असा इशारा कार्ल सेगन यांच्यासारख्या शास्त्रज्ञाने दिला होता. धुराखालच्या मुलखात भर दुपारी अंधारून आलं, दिवसाचं तापमान कित्येक अंशांनी उतरलं, काळा पाऊसही पडला. आपला मान्सून मात्र त्यामुळे बिघडला नाही. कारण धूर बहुतांश 3 ते 5 किलोमीटर उंचीवरच राहिला आणि तिथली काजळी काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, पावसाबरोबर खाली येते. वर्ष-दोन वर्षं टिकायची तर ती पावसाच्या ढगांच्याही वर चढायला हवी. त्याच वर्षी जूनमध्ये फिलिपिन्सचा पिनाटुबो ज्वालामुखी फुटला, त्याचा गंधकवायू तेवढा वर गेला आणि पृथ्वीचं सरासरी तापमान जवळपास अर्ध्या अंशाने घटलं. तेलाच्या आगीत तेवढी ताकद नसते.

आम्लपावसाचंही तसंच. गंधकाचा धूर मुख्यतः आगीच्या आसपासच्या मुलखाला छळतो. शिवाय कृष्णाकाठची आपली काळी जमीन मुळात चुनखडीची, सामू (pH, जमिनीचा आम्ल-अल्कपणा) बहुतेक ठिकाणी साडेसातच्या वर. थोड्याफार आम्लाने तिला काही होत नाही.

धूळ मात्र लांबून येते, हे खरं. रणगाडे आणि अवजड गाड्या वाळवंटावरची घट्ट पापडी फोडतात, मग मोकळी माती वाऱ्यावर जाते. युद्ध नसतानाही जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानकडून आलेल्या धुळीने मुंबई-पुण्याचं आकाश धुरकटलं होतं. अशी धूळ बारीक, फिकट पिवळसर असते आणि सगळ्या शिवारावर सारखी बसते.

तुमच्या फोटोत तसं नाही. रॅकच्या एकाच बाजूला काळ्या, वळलेल्या, कागदासारख्या चिंध्या दिसतात. बोटाने चुरडून बघा, भुगा होईल. ही पेटवलेल्या उसाच्या फडाची नाहीतर पाचटाची राख. चिकट, बारीक काजळी असेल तर जवळची वीटभट्टी किंवा धुराडं बघा. कुवेत इथून 3,000 किलोमीटरवर आहे, फड बांधाला लागून आहे.

द्राक्षं लवकर सुकावीत म्हणून डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवून रॅकवर पसरलेला माल पहिले दोन-तीन दिवस तेलकट असतो, तेव्हा बसलेली राख सहजी निघत नाही. तेवढे दिवस वाऱ्याच्या बाजूला दुहेरी शेडनेट बांधा. प्लास्टिकने चारही बाजू कोंडू नका, माल काळा पडेल. शेजाऱ्याला फड पेटवायच्या आधी निरोप द्यायला सांगा. खरं तर पाचट जाळूच नये, सरीत कुट्टी करून कुजवावं, हे आम्ही दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी धूर दिसतोच.

रस्त्याकडेच्या बागेत पानांवर धूळ साचली की लाल कोळी वाढतो. स्वच्छ पाण्याची फवारणी सकाळी करा, संध्याकाळी नको, पान रात्रभर ओलं राहिलं तर रोगाला आमंत्रण. विक्रीला आलेल्या घडांवर पाणी मारू नका, मण्यांवरची नैसर्गिक लव, म्हणजे पांढुरका मेणचट थर, जाते.

युद्धाची झळ आपल्याला लागते ती खत, डिझेल आणि निर्यातीच्या कंटेनरमधून. खरिपाचं खत शक्य असेल तर लवकर उचला, पण माती परीक्षणाच्या शिफारशीपुरतंच. पेरणीची घाई मात्र नको. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल झाल्यावरच कुरी धरा.

आपला,
तालुका कृषी अधिकारी