भाटात माकड मरून पडलंय आणि कुणीच येत नाही : माझा अनुभव

तुमची पोस्ट वाचली आणि हातातलं काम टाकून लिहायला बसलो. गोव्यात सत्तरीतल्या वाळपईच्या वरच्या अंगाला सासऱ्यांचं काजूचं भाट, म्हणजे बाग, वाटेत मरून पडलेलं माकड, तीन ठिकाणी फोन करून झाले तरी कुणी फिरकत नाही, आणि "गड्याला सांगून पुरून टाकू का?" हा प्रश्न. 2016 च्या हंगामात मी नेमका इथेच अडकलो होतो.

पुरू नका. स्वतः हात लावू नका, गड्यालाही लावू देऊ नका. कुत्री तिकडे जाऊ देऊ नका. आणि त्या बाजूची वेचणी आजपासून बंद.

कारण माकडताप, म्हणजे रानातल्या गोचिडीतून माणसाला येणारा विषाणूचा ताप. त्याबद्दल जास्त सांगत बसत नाही. 2015 मध्ये पाली गावात त्याची जी साथ आली ती सत्तरीत कुणी विसरलेलं नाही. एवढंच लक्षात ठेवा की माकड मेलं की त्याच्या अंगावरची गोचीड खाली उतरते आणि तिथल्याच पातेऱ्यात, म्हणजे गळलेल्या पानांत, पसरते. म्हणजे धोका त्या मढ्याइतकाच आजूबाजूच्या जमिनीत असतो. म्हणून तर मेलेल्या जागेभोवती पन्नास फुटांपर्यंत मॅलेथिऑनची पावडर मारायची पद्धत आहे. ते काम खात्याच्या माणसांचं, तुमचं नाही.

आता माझं सांगतो. मी पहिल्या ऑफिसात गेलो तर म्हणाले, भाट खाजगी आहे, आमची हद्द नाही. दुसरीकडे म्हणाले, जनावर मेलंय तर जनावरांच्या डॉक्टरकडे जा. तिसऱ्या ठिकाणी टेबलापलीकडच्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "माणूस आजारी पडला की या." हे वाक्य मी आजही विसरलेलो नाही. तीन दिवस मी या दारातून त्या दारात फिरलो. आणि त्या तीन दिवसांत आई रोज बोंडू (काजूची फळं) वेचत होती, माकडापासून वीस पावलांवर, कारण बोंडू गळायचे काही थांबत नाहीत आणि मी तिला थांबवलं नाही. "अधिकारी येतील, बघतील" या भरवशावर राहिलो.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तिने पायरीवर बसून घोट्यावरून काहीतरी नखाने काढलं. तिळाएवढं, तपकिरी. चिरडलं आणि पदराला हात पुसला. मी समोर होतो.

पाच-सहा दिवसांनी ताप चढला. डोकं असं दुखायचं की उजेड सहन होईना. जवळच्या इस्पितळात नेलं, मलेरियाची तपासणी झाली, डेंग्यूची झाली, दोन्ही निगेटिव्ह. तापाच्या गोळ्या घेऊन घरी. इथे माझ्या हातून जी चूक झाली ती माकडापेक्षा मोठी. भाटात माकड मेलंय हे मी डॉक्टरांना सांगितलंच नाही. माझ्या डोक्यात ते ऑफिसचं प्रकरण होतं, अर्जाचं आणि हद्दीचं. आईचा ताप हे वेगळं प्रकरण. हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा मोठ्या इस्पितळात हलवलं, आणि तिथल्या एका तरुण डॉक्टरीण बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "काजूत काम करता? माकडं मेलीत का तिकडे?" मग नमुना तपासणीला गेला. या तापाचा विषाणू रक्तात सुरुवातीच्या दिवसांतच नीट सापडतो, आणि तेच दिवस मी घालवले.

या रोगावर नेमकं औषध नाही, पण वेळेत दाखल केलं की सलाईन, प्लेटलेट, रक्तदाब यांच्याकडे लक्ष राहतं. शंभरात तीन ते पाच जण दगावतात. आई वाचली. ताप उतरून आठवडा झाला आणि आम्ही सुटलो म्हणेपर्यंत पुन्हा चढला, या वेळी हात थरथरायचे, बोलणं भरकटायचं. काही जणांना असा दुसरा फेरा येतो, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. तीन महिने तिच्या हातात चहाची बशी ठरत नव्हती. म्हणून ताप गेला की लगेच कामाला लावू नका.

तुम्ही लिहिलंय की जंगल वेगळं, गाव वेगळं, जंगलातला आजार घरात कसा येईल? दोन जगं एकमेकांना भिडली की आजार मधून वाट काढतोच. काजू तरी आपला कुठे, तो पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणला. त्यांच्याबरोबर आलेल्या गरमीच्या रोगाला भावप्रकाश या जुन्या आयुर्वेदाच्या ग्रंथात फिरंगरोग असंच नाव पडलं. आणि आपण हे परदेशी झाड लावत लावत रानाच्या कुशीत शिरलो. कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात 1957 मध्ये हा माकडताप पहिल्यांदा ओळखला गेला तोही लाकूडफाट्यासाठी रानात जाणाऱ्या लोकांमुळे आणि मेलेल्या माकडांमुळे.

मी डॉक्टर नाही, हे अनुभवाचे बोल आहेत, तेवढेच धरा. फोन करत बसणं सोडा, लेखी अर्ज द्या, माकडाचा फोटो जोडा, आवक शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. पंचायतीच्या पंचाला बरोबर न्या, फरक पडतो. बोंडू कुजले तर कुजू देत, बी मागाहून वेचता येते. हुर्राकाला, म्हणजे काजूच्या दारूला, बोंडूचा रस कमी पडेल म्हणून सासरे कुरकुरतील, ऐकू नका. मात्र बोंडू खाल्ल्याने किंवा रस प्यायल्याने हा ताप येत नाही, आणि माणसाकडून माणसालाही येत नाही, त्यामुळे घरात कुणाला वाळीत टाकू नका. भाटाच्या दुसऱ्या बाजूला जायचंच असेल तर गोचीड दूर ठेवणारं तेल हातापायांना चोळून, पूर्ण पँट मोज्यात खोचून जा, पातेऱ्यावर बसू नका. गोठ्यासाठी तिथला पातेरा आणू नका. आल्यावर कपडे उकळत्या पाण्यात आणि अंग चाचपून बघा. गोचीड दिसली तर बारीक चिमट्याने कातडीला लागून सरळ ओढायची, चिरडायची नाही, रॉकेल ओतायचं नाही.

शेवटच्या ओळीत तुम्ही सहज लिहून गेलात की सासूबाईंचं कालपासून अंग मोडून आलंय. बाकी सगळं राहू दे. अंगदुखीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने देऊ नका, त्यांना आजच इस्पितळात न्या, आणि डॉक्टरांनी विचारायच्या आधी "भाटात माकड मेलंय" हे सांगा, केसपेपरवर लिहून घ्या. काय म्हणाले ते इथे कळवा, मी रात्री उशिरापर्यंत जागा आहे.